चार बोटं

गाडी जमिनीपासून चार बोटं वर.
माझी चार. मुजीबची घातली तर अडकतात,
वेल्डिंग करून करून जाड झालीत.

दार नाही, काच नाही, छप्पर नाही. डिकी विचारूच नका.
वाळूजच्या शेडमध्ये तीन वर्षं, रविवारी रविवारी जोडलेली,
आरटीओच्या साहेबानं चौथ्या खेपेला सही केलेली,
ट्रॅकसाठी.
ट्रॅक मराठवाड्यात नाही.
म्हणून मग उदगीर.

उदगीरला काय आहे, नवऱ्यानं विचारलं.
तिथवर रस्ता आहे, मी म्हटलं.
मुजीब म्हणाला, माझी बहीण आहे.

पाच पट्ट्यांचा बेल्ट. हेल्मेट. पायाशी पाण्याचा कॅन,
मांडीखाली पान्हे, ते पाचोडपर्यंत रुतले, मग सवय झाली.
फास्टॅग चिकटवायला काच नव्हती, म्हणून टोलला दुप्पट पैसे.
खिडकी डोक्याच्या वर. मुजीबनं हात उंच केला,
वर्गात लघवीची परवानगी मागणाऱ्या पोरासारखा.
वरून आवाज आला, "खाली कोण हाय?"

उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना ट्रॉली दिसत नाही.
आस दिसतो. आसाला बांधलेली काळी बाहुली.
चाकांच्या मधून पलीकडचं शेत,
पट्टीपट्टीनं कापून ठेवलेलं.
आणि शेळ्या, अगदी डोळ्याला डोळा.
शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते
हे मला बेचाळिसाव्या वर्षी, गेवराईजवळ कळलं.

मांजरसुंब्याचा घाट. अकरा मिनिटं.
दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा,
मान वळायच्या आत गाडी वळलेली.
कानामागे इंजिन, छातीत इंजिन,
तोंडात फुफाटा, तोही गोड लागला.
मुजीब जन्मात पहिल्यांदा गप्प.
घाट संपल्यावर एवढंच बोलला,
"डावीकडची वेल्ड टिकली."

केजच्या अलीकडे गतिरोधक.
कुणीतरी फार मन लावून घातलेला, म्हशीच्या पाठीएवढा.
गाडी त्यावर पोटावर बसली,
पुढची चाकं हवेत, मोकळी फिरत.
माणसं जमली. एकानं बसून खालून पाहिलं.
"कामून आणली हो हितं?"
मला खरंच उत्तर आलं नाही.
एक लेकरू म्हणालं, हिला उचला की, आणि उचलली.
आठ जणांनी. हलकीच आहे, सहाशे किलो.

टेम्पोतून मंडपवाले नरहरी घुगे उतरले,
स्टेजच्या दोन फळ्या काढून दिल्या.
"पुढं बी हायेतच. येताना टाका."

तिथून पुढं ते असं:
मी थांबायचं. मुजीबनं बेल्टच्या पाच पट्ट्या सोडायच्या,
फळ्या मांडायच्या, हात हलवायचा. मी मुंगीसारखं वर, मुंगीसारखं खाली.
त्यानं फळ्या झटकायच्या, खांद्याशी उभ्या धरून बसायचं.
पाच पट्ट्या. मग पुन्हा.
शून्यावरून शंभरावर जायला हिला चार सेकंद लागतात.
केजवरून अंबाजोगाईला तिन्हीसांज झाली.
सायकलवरचा एक म्हातारा आम्हाला तीनदा मागे टाकून गेला,
तिसऱ्यांदा त्यानं घंटी वाजवली.

लातूरला पंपावरच्या पोरीनं विचारलं, सीएनजी का?
नळेगावच्या पुढं अंधार, दिवे रस्त्याच्या इतके जवळ
की प्रत्येक खडीला लांब सावली.
मी मोजायचं सोडलं. मुजीब मोजत होता.
त्र्याऐंशी.

पावणेबारा. रझिया दारात उभी.
"एवढ्या वेगाच्या गाडीला एवढा उशीर?"
दालचा गार झाला होता. आम्ही गारच खाल्ला,
कान अजून घाटातच होते.

परतताना आम्ही नांदेडकडून आलो, रस्ता बरा म्हणून.
फळ्या शेडमध्ये आहेत, भिंतीला टेकलेल्या,
टायरचे काळे पट्टे दोन्हींवर,
खाली खिळ्याशी पिवळ्या झालरीचा एक तुकडा.
मुजीब दर रविवारी म्हणतो, देऊन येऊ.
मी म्हणते, हो, बसने.

केजकडे कुठल्यातरी लग्नात
स्टेज दोन फळ्या कमी आहे.
नवरा-नवरी जरा जवळ उभे असतील.